टायमिंग बेल्ट : कुरकुरत नाही, म्हणून विसरू नका

सेकंडहँड गाडी घेताना आपण टायर बघतो, रंग बघतो, एसी लावून बघतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. आमच्याकडे आलेल्या जुन्या सँट्रोच्या आधीच्या मालकालाही ते सांगता आलं नाही. मीटरवर ७४ हजार किलोमीटर आणि बेल्टचं बिल कुठेच नाही. गाडी चालवणार बाबा, तीही बेळगावहून चोर्ला घाटातून पणजीला, ताईकडे. घाटात मधेच मोबाईलची रेंजही जाते. म्हणून बेल्ट बदलायचाच, असं मी ठरवलं.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. "गाडी मस्त चालते, आवाज नाही काही नाही. चांगलं चाललेलं कशाला उघडायचं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर बेल्टच्या कामातच आहे. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, त्याला पिस्टन फिरवतात. वर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक व्हायला हवा. हा हिशेब दात असलेला एक रबरी पट्टा सांभाळतो. पूर्वी या कामाला साखळी किंवा गिअर असत. १९६२ मध्ये जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीत असा पट्टा आला. स्वस्त आणि कमी आवाजाचा असल्यामुळे पुढे तो अनेकांनी उचलला. आज बऱ्याच गाड्यांत पुन्हा साखळीच असते, त्यामुळे आपल्या गाडीत काय आहे ते आधी पाहून घ्या.

ब्रेक झिजले की किंचाळतात, बॅटरी उतरली की सेल्फ मंद फिरतो. बेल्ट बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. उष्णतेने आणि वयाने तो थकत जातो, आणि एक दिवस त्याचे दात सोलले जातात किंवा तो तुटतो. अनेक इंजिनांत उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात. त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो तो बेल्टच. तो गेला की व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि जुन्या गाडीला तेवढा खर्च करायचा का, असा प्रश्न पडतो. म्हणून बेल्ट बदलायची मुदत किलोमीटर आणि वर्षं, दोन्हींत मोजतात. जी आधी भरेल ती खरी. उभ्या गाडीतलं रबरही म्हातारं होतंच.

बाबांना हे पटलं आणि शनिवार-रविवार आम्ही दोघे कामाला लागलो. दुरुस्तीचं मॅन्युअल हाताशी होतं, टॉर्क पाना उद्यमबागेतल्या एका मित्राचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, बेल्टच्या बाजूचं पुढचं चाक काढलं आणि गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहायचं नाही. इंजिनाखाली फळी ठेवून आधार दिला, मग माउंट सोडलं. सगळ्यात जास्त वेळ घेतला क्रँक पुलीच्या बोल्टने. जुना बेल्ट काढण्याआधी क्रँक आणि कॅम दोन्हींच्या खुणा जुळवून घेतल्या. बेल्टबरोबर टेन्शनरही नवाच घातला. त्याचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही टिकत नाही. ऑइल सील गळत असेल तर तेही याच वेळी बदलावं, कारण तेलाने बेल्ट लवकर खराब होतो.

एक दात इकडेतिकडे झाला तर काय होतं? समजा, कॅमच्या पुलीला ४० दात आहेत. एका दाताने कॅम ९ अंश सरकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने १८ अंश. ऑफिसात आमची टेस्ट फसली तर कोड सुधारून पुन्हा चालवता येतो. इथे खुणा चुकलेल्या असताना चावी फिरवली तर व्हॉल्व्हच वाकू शकतात. म्हणून पहिली टेस्ट हाताने करायची: क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायचं. कुठे अडलं तर जोर न लावता थांबायचं. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा समोरासमोर यायला हव्यात. आमच्या आल्या. बाबांनी टॉर्च धरून त्या स्वतः पाहिल्या आणि मगच म्हणाले, "आता लाव चावी."

हे काम घरी प्रत्येकाने करावं, असं मी म्हणणार नाही. मॅन्युअल, टॉर्क पाना आणि भक्कम स्टँड नसतील तर सरळ ओळखीच्या मेस्त्रींकडे जा. पण बेल्ट शेवटचा कधी बदलला, हे आज घरी विचारून घ्या. उत्तर मिळालं नाही तर बदलून टाका, आणि तारीख व किलोमीटर लिहिलेला कागद बॉनेटच्या आत चिकटवा. आमच्या गाडीतला कागद बाबांच्या अक्षरात आहे.

पुढच्या महिन्यात कूलंटबद्दल. रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी का घालू नये, ते पाहू.