वरामीनची रिकामी भिंत

तेहरानच्या दक्षिणेला वरामीन गावी इमामजादे याह्या यांचा दर्गा आहे. तिथे आजही लोक प्रार्थनेला येतात, पण कबरीभोवतीच्या भिंती उघड्या पडल्या आहेत. १२६२ च्या सुमारास त्यांच्यावर आठ टोकांच्या चांदण्या आणि त्यांच्या फटीत बसणारे क्रूस अशा टाइल्स लावल्या होत्या, कडेने कुराणातली वचने लिहिलेल्या. १२६५ सालचा, अली इब्न मुहम्मद या काशान शहरातल्या कारागिराची सही असलेला मिहराबही (प्रार्थनेची दिशा दाखवणारा कोनाडा) इथलाच. एकोणिसाव्या शतकात हे सगळे उखडले जाऊ लागले. टाइल्स युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत पांगल्या आणि मिहराब १९४० मध्ये धनाढ्य अमेरिकन संग्राहक डोरिस ड्यूक यांनी विकत घेऊन होनोलुलूला नेला. तो परत द्यावा का?

उत्तर देण्याआधी तिथली टाइल कशी घडते ते नीट पाहायला हवे. गारगोटीचे पीठ दहा भाग, काच एक भाग, पांढरी माती एक भाग. अली इब्न मुहम्मदच्याच घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ मध्ये हे प्रमाण लिहून ठेवले. पांढऱ्या झिलईची टाइल एकदा भाजायची, तिच्यावर चांदी-तांब्याच्या क्षारांनी नक्षी काढायची आणि पुन्हा मंद, धुरकट आचेवर भट्टीत ठेवायची. बाहेर येते ती काळपट. पुसली की खालून चकाकी उमटते. समोरून तपकिरी दिसणारी वेल जरा बाजूला सरकून पाहिली की सोन्याची होते. चालत्या माणसासाठी, अंधुक दर्ग्यासाठी केलेले हे काम आहे. संग्रहालयातल्या स्थिर दिव्याखाली ते निम्मेच दिसते.

संग्रहालयांची बाजू पोकळ नाही. त्यांनी टाइल्स जपल्या आणि त्यांच्यावरच्या तारखा व सह्या वाचल्या गेल्या, म्हणून तर कारागिरांच्या पिढ्या जुळवता आल्या. १९७० चा युनेस्को करार मागच्या व्यवहारांना लागू होत नाही, आणि इराण-अमेरिका संबंध पाहता एवढी नाजूक वस्तू पाठवणे सोपे नाही. पण ‘आम्ही वाचवले’ हा दावा मला पुरता पटत नाही. गिऱ्हाईक होते म्हणून तर छिन्नी चालली.

तरी सगळ्याच टाइल्सना एकच न्याय लावता येणार नाही. चांदण्या शेकड्यांनी घडल्या. त्यांतल्या काही लंडनमध्ये राहिल्या तर जगाला काशानची ओळख होत राहील. मात्र त्यांच्या पाटीवर नुसते ‘इराण, तेरावे शतक’ न लिहिता वरामीनच्या दर्ग्याचे नाव हवे. मिहराबाची गोष्ट वेगळी. तो एकच आहे आणि किब्ल्याची, म्हणजे मक्केची, दिशा दाखवण्यासाठी त्याच भिंतीत बसवला होता. तो परत दिला जावा असे मला वाटते. त्याला दहा वर्षे लागोत की तीस, निदान बोलणी तरी सुरू व्हावीत. त्या भिंतीत त्याची जागा अजून मोकळीच आहे आणि भाविक तिच्यासमोरच नमाज पढतात.