किडनीचे पथ्य म्हणजे उपवास नव्हे

किडनीच्या आजाराचे निदान झाले की घरात सर्वांत आधी एक कागद येतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरे पुसट झालेला. डावीकडे ‘खावे’, उजवीकडे ‘खाऊ नये’. डावीकडे चार ओळी, उजवी बाजू पानभर. डाळ नको, कडधान्ये नकोत, दूध-दही नको, पालेभाजी नको, टोमॅटो नको, केळी नको, शेंगदाणे नकोत. अंडी-मासे तर नकोतच. हा कागद एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो, नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवतात. त्यावर रुग्णाचे वजन नसते, रक्ताचा रिपोर्ट नसतो, आजार कोणत्या टप्प्यावर आहे याचा उल्लेख नसतो. तरी तो पोथीसारखा पाळला जातो, आणि सहा महिन्यांत माणूस निम्मा होतो.

दीर्घकालीन मूत्रपिंड विकारात पथ्य हवेच, याबद्दल वाद नाही. पण ते त्या माणसाच्या रिपोर्टवरून ठरलेले हवे. सगळ्यांसाठी एकच असलेली ‘नको’ची यादी अनेकांना उपाशी ठेवते आणि ज्या गोष्टीने खरे नुकसान होते ती मात्र ताटात तशीच राहू देते.

या यादीला एके काळी अर्थ होता. अमेरिकेतील सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये दीर्घकाळ डायलिसिस करणे शक्य करून दाखवले, पण यंत्रे मोजकी आणि रुग्ण अनेक अशी स्थिती पुढे बराच काळ होती. त्याच दशकात इटलीतील जोर्दानो आणि जोव्हानेत्ती या डॉक्टरांनी अत्यंत कमी प्रथिनांचा आहार सुचवला. प्रथिनांपासून तयार होणारा युरिया थकलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही. प्रथिने कमी केली की युरिया कमी, मळमळ-उलट्याही कमी. दुसरा मार्ग नसताना तो मोठाच आधार होता. पुढे अमेरिकेत ८४० रुग्णांवर झालेला ‘एमडीआरडी’ हा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रथिने खूप कमी केल्याचा फायदा अपेक्षेपेक्षा बराच कमी दिसला. आज परिस्थिती बदलली, औषधे बदलली, डायलिसिस तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचू लागले. कागद मात्र तोच राहिला.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय खाऊ?’ हा नसून ‘माझा आजार कोणत्या टप्प्यावर आहे?’ हा असायला हवा. रक्तातील क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून ‘ईजीएफआर’ हा आकडा काढतात. तो ९०च्या वर असणे उत्तम. तीन महिन्यांहून अधिक काळ तो ६०च्या खाली राहिला तर दीर्घकालीन आजार म्हणतात. ३० ते ५९ हा तिसरा टप्पा, १५ ते २९ चौथा, १५च्या खाली पाचवा. आकडा चांगला असूनही लघवीतून अल्ब्युमिन जात असेल, तर तीही धोक्याची खूण आहे. तिसऱ्या टप्प्यावरचा शिक्षक आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारी शेतकरी बाई या दोघांना एकच पथ्य कसे चालेल?

प्रथिनांचेच पाहू. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातील, डायलिसिसवर नसलेल्या प्रौढांनी वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. ६० किलो वजनाच्या माणसाला ती साधारण ४८ ग्रॅम होतात. दोन वाट्या वरण, चार पोळ्या, दोन वाट्या भात, एक वाटी दही, एक अंडे आणि भाजी एवढे खाल्ले तरी आपण त्या आकड्याच्या आसपासच असतो. म्हणजे वरण बंद करण्याचे कारण नाही. टाळायचे आहे ते उलट टोक: जिममधली प्रोटीन पावडर, रोजचे मटण, ‘ताकद यावी’ म्हणून घेतलेली डबाबंद पेये.

डायलिसिस सुरू झाले की हिशेब उलटतो. प्रत्येक वेळी रक्त गाळताना काही अमिनो आम्लेही वाहून जातात. त्यामुळे अशा रुग्णाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. नेमक्या याच वेळी अनेक घरांत जुना कागद चालू असतो आणि माणूस भात आणि दुधीच्या भाजीवर दिवस काढतो. दंड बारीक होतात, सूज हटत नाही, जंतुसंसर्ग वारंवार होतो. घरचे म्हणतात, आजारच तसा आहे. आजार असतोच, पण त्यात उपासमारीची भर आपण घातलेली असते.

इथे एक फसवा आकडा आहे. क्रिएटिनिन तयार होते ते स्नायूंमधून. माणूस उपाशी राहून स्नायू झडले, तर क्रिएटिनिन थोडे खाली येऊ शकते. रिपोर्ट पाहून घरात पेढे वाटले जातात, एखाद्या काढ्याला त्याचे श्रेय मिळते. किडनी मात्र होती तिथेच असते. म्हणून क्रिएटिनिनबरोबर वजन, भूक आणि रक्तातले अल्ब्युमिनही पाहायला हवे.

मग ज्यावर सर्वांनीच हात आखडायचा ती गोष्ट कोणती? मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांसाठीही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळे आले. मीठ जास्त झाले की रक्तदाब वाढतो, अंगावर पाणी धरते, लघवीतून प्रथिने जाण्याचे प्रमाण वाढते, रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. आणि ज्या घरात डाळ बंद झालेली असते, त्याच घरात ताटाच्या डाव्या बाजूला लोणचे, पापड, ठेचा आणि तळलेली मिरची असते. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, तोही सोडियमच. किनारपट्टीवर सुका बोंबील आणि खारवलेली मासळी, शहरात फरसाण, पाव, बिस्किटे, सॉस. खारट न लागणाऱ्या पावातही मीठ पुष्कळ असते.

सैंधव किंवा काळे मीठ वापरल्याने सुटका होत नाही; तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ म्हणून विकले जाणारे मीठ तर किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि पोटॅशियम रक्तात फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. चव हवी असेल तर लसूण, आले, जिरे, ओवा, कढीपत्ता, लिंबाची पिळणी आहे. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, ती होते.

पोटॅशियमबाबत मात्र ‘सर्वांना सर्व फळे बंद’ हा नियम चुकीचा. रिपोर्टमध्ये ते सामान्य असेल तर फळे-भाज्या खाव्यात; त्या किडनीलाही उपकारकच आहेत. वाढलेले असेल तर केळी, चिकू, खजूर, संत्र्या-मोसंबीचा रस, शहाळे टाळून सफरचंद, पेर, अननस यांची एखादी फोड घ्यावी. बटाटा किंवा भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकले, तर बरेच पोटॅशियम निघून जाते. भाजीचे पाणी फेकू नये, असे आपण शाळेत शिकलो. इथे नेमके तेच फेकायचे. कटाच्या आमटीत उतरलेले असते ते हेच पाणी, त्यामुळे पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाने पुरणपोळीच्या दिवशी आमटीची वाटी बाजूला ठेवलेली बरी.

उपवासाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार पाळणारे रुग्ण पुष्कळ आहेत. बटाटा, रताळे, शेंगदाणे, केळी आणि खजूर असा फराळ म्हणजे पोटॅशियमचा मोठा डोस आणि प्रथिने मात्र अपुरी. श्रद्धेला धक्का न लावताही आजारपणात उपवासातून सूट घेता येते, ही आपली जुनी रीत आहे. आणि एका फळापासून मात्र सर्व किडनी रुग्णांनी कायम लांब राहावे: स्टारफ्रूट, म्हणजे कमरख. कोकणात, गोव्यात ते परसात असते, त्याचे लोणचे घालतात. त्यातली द्रव्ये दुबळ्या किडनीला बाहेर टाकता येत नाहीत आणि त्यामुळे सतत उचकी, भ्रम, फिट्स येऊ शकतात, मृत्यूही ओढवू शकतो.

फॉस्फरसची गोष्ट आणखी बोलकी आहे. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस अशा रूपात बांधलेला असतो की शरीर त्यातला निम्म्याहून कमी शोषते. कोला, प्रक्रिया केलेले चीज, पाकीटबंद मांसाचे पदार्थ यांत मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ पूर्ण शोषला जातो. पाकिटावर आयएनएस ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले, तर ते फॉस्फेट समजावे. जुन्या कागदावर मूग असतो, कोला नसतो. हे उलट व्हायला हवे.

पाण्याचेही तसेच. ‘भरपूर पाणी प्या’ आणि ‘पाणी मोजून प्या’ हे दोन्ही सल्ले कोणासाठी तरी बरोबर आहेत. अंगावर सूज नाही, लघवी नीट होते, अशा सुरुवातीच्या टप्प्यातील माणसाने तहानेप्रमाणे प्यावे. डायलिसिसवरच्या रुग्णाची लघवी कमी झालेली असते. त्याला मोजावे लागते. पण मीठ तसेच ठेवून पाणी तोडणे म्हणजे छळ आहे. तहान लागते ती मिठाने. आधी मीठ कमी करा, मग पाणी आपोआप आवरते.

ताट कितीही नीट केले तरी औषधांचे काम ताट करत नाही. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे हा उपचाराचा कणा आहे. डापाग्लिफ्लोझिन या गोळीवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेह नसलेल्या रुग्णांतही किडनीची घसरण मंदावलेली दिसली. त्याच वर्षी भारतात तिचे पेटंट संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. ती आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. दुसरीकडे गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणि घटक न छापलेली भस्मे हे किडनीचे उघड शत्रू आहेत. मधुमेहींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. किडनी दुबळी झाली की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकते. साखर अचानक ‘छान’ येऊ लागली, घाम-थरथर होऊ लागली, तर मधुमेह बरा झाला असे न समजता डोस कमी करायला डॉक्टरांकडे जावे.

राहिला प्रश्न घराचा. आपल्याकडे स्वयंपाक एका पातेल्यात होतो. पुरुष आजारी असेल तर त्याच्यासाठी वेगळी भाजी शिजते. बाई आजारी असेल तर ती सगळ्यांसाठी झणझणीत करते आणि उरलेले स्वतः खाते. तिच्यासाठी वेगळे पातेले कोण चढवणार? माझ्या मते यावर एकच टिकाऊ उपाय आहे: पातेले सगळ्यांसाठीच कमी मिठाचे करावे, ज्याला हवे त्याने वरून चिमूटभर घ्यावे. त्या घरात रक्तदाबाचा आणखी एखादा रुग्ण असण्याची शक्यता मोठी आहे, त्याचेही भले होईल. रुग्णाला पंगतीतून उठवण्यापेक्षा पंगतीतून पापड उठवावा.

जबाबदारी केवळ घरावर टाकून चालणार नाही. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला, राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. खुर्ची मिळते, यंत्र मिळते. आहारतज्ज्ञ मिळेलच असे नाही. रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार-चार तास त्या खुर्चीत बसलेला असतो. आहार समजावून सांगायला याहून सोयीची वेळ कोणती? प्रत्येक सरकारी डायलिसिस केंद्राशी एक आहारतज्ज्ञ जोडणे, तिने मराठीत, इथल्या भाकरी-आमटीच्या मापात पथ्य लिहून देणे आणि दर महिन्याच्या रिपोर्टबरोबर ते बदलणे, हा काही अवाढव्य खर्च नाही.

ते होईपर्यंत पुढच्या भेटीत आपण तीन गोष्टी विचाराव्यात. माझा ईजीएफआर किती आणि लघवीत अल्ब्युमिन किती? माझे पोटॅशियम आणि फॉस्फरस वाढलेले आहे का? माझ्या वजनाला रोज किती प्रथिने हवीत? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत, तारखेसह. कपाटाला चिकटवलेला तो पुसट कागद काढून तिथे ही वही टांगावी.