मूलपेशींना दिशा कोण दाखवते?

स्वतःच्याच मूलपेशींनी झिजलेला गुडघा पूर्ववत करून देण्याच्या जाहिराती शहरी वाचकाला आता नवीन राहिलेल्या नाहीत. अस्थिमज्जेतून किंवा पोटाच्या चरबीतून काढलेल्या 'मेसेन्कायमल' मूलपेशी सांध्यात टोचल्या की त्या आपसूक कूर्चा घडवतील, हे त्यामागचे गृहीतक. ते कितपत खरे, हे ठरवायचे तर या पेशींचे रूपांतर कशाने घडते, हे पाहायला हवे.

अस्थिमज्जेतील काही पेशी नवे हाड घडवू शकतात, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनश्टाईन यांनी १९६० व ७०च्या दशकांत दाखवले. 'मेसेन्कायमल मूलपेशी' हे नाव अमेरिकी संशोधक अरनॉल्ड कॅप्लान यांनी १९९१ मध्ये रूढ केले. १९९९ मध्ये मार्क पिटेंजर व सहकाऱ्यांनी मानवी अस्थिमज्जेतील या पेशींपासून प्रयोगशाळेत हाड, कूर्चा आणि मेद अशा तिन्ही प्रकारच्या पेशी तयार केल्या. मात्र प्रत्येक रूपांतरासाठी रसायनांचे वेगळे मिश्रण द्यावे लागले. पेशीच्या अंगी क्षमता असते. दिशा बाहेरून मिळते.

बाहेरचा संदेश पेशीत पोहोचल्यावर काही कळीची जनुके जागी होतात. हाडासाठी 'रंक्स-२', कूर्चेसाठी 'सॉक्स-९' आणि मेदासाठी 'पीपार-गॅमा' ही त्यांतली प्रमुख. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने इतर अनेक जनुकांचे कामकाज सुरू वा बंद करतात. 'रंक्स-२' पूर्णपणे काढून टाकलेल्या उंदरांचा सांगाडा कूर्चेचाच राहतो, हाड तयारच होत नाही, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. माणसात या जनुकाची दोनपैकी एकच प्रत निकामी असेल, तरी गळपट्टीची हाडे अपुरी राहतात किंवा नसतातच.

या जनुकांपर्यंत निरोप पोहोचवणाऱ्या संदेशमार्गांत 'विंट' महत्त्वाचा. तो पेशीला हाडाकडे वळवतो आणि 'पीपार-गॅमा'ला दाबून मेदाची वाट अडवतो. हाड आणि मेद ही जणू एकाच तराजूची दोन पारडी. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकानेर समाजात आढळणाऱ्या 'स्क्लेरोस्टिओसिस' या दुर्मीळ विकारात हाडे अतोनात जाड होतात. विंटला लगाम घालणारे स्क्लेरोस्टिन हे प्रथिन या रुग्णांत तयार होत नाही, हे त्याचे कारण. हाच धागा पकडून स्क्लेरोस्टिनला रोखणारे 'रोमोसोझुमॅब' हे औषध तयार झाले. २०१९ मध्ये जपान व अमेरिकेत अस्थिठिसूळतेवर त्याला मान्यता मिळाली.

तराजू उलटही झुकतो. मधुमेहावरील 'रोझिग्लिटाझोन' हे औषध 'पीपार-गॅमा'ला चेतवते. ते घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अस्थिभंगाचे प्रमाण अधिक असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतून पुढे आले. संदेशमार्गात ढवळाढवळ केली की किंमत कुठे चुकवावी लागेल, याचा हा धडा आहे.

संदेश केवळ रासायनिक नसतात. पेशी ज्या पृष्ठभागावर वाढते, त्याचा मऊ-कठीणपणाही तिचे भवितव्य ठरवतो, हे २००६ मध्ये अमेरिकेतील प्रयोगांनी दाखवले. मग झिजलेल्या, सुजलेल्या सांध्यात टोचलेल्या पेशींना कूर्चेची योग्य दिशा कोण देणार? शिरेतून दिलेल्या पेशींपैकी बहुतेक तर प्रथम फुप्फुसांतच अडकतात आणि त्यांतल्या फार थोड्या काही दिवसांपलीकडे टिकतात.

जिथे या पेशींचा उपयोग दिसला, तिथे तो बहुधा रूपांतरामुळे नाही. त्या स्रवणारी द्रव्ये दाह व प्रतिकारशक्तीचा अतिरेक शमवतात. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'रायॉन्सिल' या पहिल्या मेसेन्कायमल पेशी-उपचाराला मान्यता दिली, ती मज्जारोपणानंतर लहान मुलांत उद्भवणाऱ्या तीव्र प्रतिकार-विकारासाठी. तीही स्टिरॉइड निष्प्रभ ठरल्यास. खुद्द कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये या पेशींना 'मूलपेशी' म्हणणे थांबवावे, असे आवाहन केले होते.

भारतातही २०२२ मध्ये बंगळुरूच्या 'स्टेम्प्युटिक्स'च्या उत्पादनाला गुडघ्याच्या संधिवातासाठी औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. पण ती रुग्णांवरील नियंत्रित चाचण्यांनंतर. दवाखान्यात परस्पर तयार केलेल्या मिश्रणाला या मान्यतेचा आधार घेता येणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही अप्रमाणित मूलपेशी-उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देण्यास मनाई केली आहे. शिवाय खऱ्या चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत.

तेव्हा रुग्णाने विचारायचे प्रश्न साधे आहेत: हे उत्पादन कोणत्या आजारासाठी मान्यताप्राप्त आहे? चाचणी असेल, तर तिची नोंदणी कुठे आहे? आणि पैसे कशाचे? या प्रश्नांना लेखी उत्तर मिळत नसेल, तर ती सुई न टोचून घेणेच शहाणपणाचे.