रहस्यकथेला चिंचोळी कधी दिसणार?

मराठी वाचकाचे रहस्यकथेवरील प्रेम जुने आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्या करामती वाचत महाराष्ट्राच्या दोन पिढ्या वाढल्या. पुढे अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मधील दिगू टिपणीस या पत्रकाराने सत्तेच्या दालनांतील गूढ आपल्यासमोर उभे केले. मात्र या साऱ्या कथांचे रंगमंच बहुधा मुंबईचे. जिल्ह्याच्या गावी, औद्योगिक वसाहतीच्या कुंपणापलीकडे काय शिजते, याकडे मराठी रहस्यकथेने क्वचितच पाहिले आहे.

सोलापूर-पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीचे उदाहरण घ्या. एप्रिल 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी तेथील एका औषधनिर्मिती कारखान्यावर छापा घातला आणि सुमारे साडेअठरा टन एफेड्रिन जप्त केले. त्याची किंमत पोलिसांनी सुमारे दोन हजार कोटी रुपये सांगितली. एफेड्रिन हे मुळात औषधी द्रव्य; पण त्यापासूनच मेथाम्फेटामाइन हा घातक अमली पदार्थ तयार होतो. धागा सापडला तो ठाण्यात, अल्पशा मालासह पकडलेल्यांकडून. त्याचे टोक निघाले सोलापुरात! ऑक्टोबर 2023 मध्ये याच वसाहतीत मेफेड्रोन तयार करणारा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला. दोन्ही वेळा पोलीस बाहेरून आले.

मग प्रश्न पडतो, कादंबरीतला तो जिद्दी वार्ताहर येथे कोठे होता? त्याला दोष देण्याची घाई करू नये. तालुक्याचा वार्ताहर अनेकदा तुटपुंज्या मानधनावर काम करतो. जाहिरातीही त्यानेच आणायच्या असतात. ज्याच्याकडून जाहिरात मागायची, त्याच्याच साठा-नोंदवहीविषयी प्रश्न विचारायचे, हे कसे जमावे? आणि विचारलेच, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहते?

कादंबरीचा नायक शेवटच्या प्रकरणात सुखरूप घरी परततो. वास्तवात तसे घडतेच असे नाही. गुन्हेगारी जगताचा माग काढणारे ज्योतिर्मय डे यांची 11 जून 2011 रोजी पवईत भर दिवसा हत्या झाली. छोटा राजनसह दोषींना जन्मठेप सुनावली गेली ती 2 मे 2018 रोजी, म्हणजे सुमारे सात वर्षांनी. राजापूरचे शशिकांत वारिशे यांना 6 फेब्रुवारी 2023 रोजी मोटारीने चिरडले गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात महाराष्ट्राने 2017 मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला होता, तरीही वारिशे वाचले नाहीत. कागदावरचा कायदा आणि रस्त्यावरचे संरक्षण यांतील अंतर किती, ते येथे कळते.

दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. सोलापूरच्या त्या प्रकरणातील एका आरोपीविरुद्धचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुरेशा पुराव्याअभावी रद्द केला. कादंबरीत संशयिताचे नाव उच्चारले की पडदा पडतो. पत्रकारितेत खरे काम तेथूनच सुरू होते. ज्याच्या हाती पुरावा नाही, त्याने नाव छापू नये. शौर्याइतकीच सचोटीही नायकाला शोभते.

म्हणून नव्या लेखकांना सुचवावेसे वाटते: पिस्तूल आणि पाठलाग क्षणभर बाजूला ठेवा. कच्चा माल किती आला, औषध किती बाहेर गेले आणि मधले कोठे मुरले, एवढ्या एका हिशेबात अस्सल रहस्य दडलेले आहे. रात्रपाळीचा कामगार, मालमोटारीचा चालक, फाटकावरचा रखवालदार ही त्याची पात्रे आहेत.

आणि वाचकांनो, आपलेही काही कर्तव्य आहे. आपल्या गावचा वार्ताहर अडचणीचे काही लिहील, तेव्हा ते वर्तमानपत्र विकत घेऊन वाचावे आणि त्याच्यावर प्रसंग आला तर त्याच्या दारी चार माणसे उभी राहावीत. एकटा माणूस कादंबरीत जिंकतो. समाजात जिंकायला समाजच लागतो.