मावशी जाते चिनी बाजाराला

चायनीज म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही. ऑफिस सुटलं की बाइक आपोआप पार्क चौपाटीकडे वळते. गाड्यावर कढई धडधडत असते, कोबीचा डोंगर चिरून तयार असतो आणि ‘ट्रिपल शेजवान’ नावाचा लालभडक प्रकार दोघांत एक घेतला तरी उरतो. रविवारी घरीच करायचा मूड असेल तर सुपरमार्केटमध्ये एक कप्पा आहेच. सोया सॉस, व्हिनेगर, शेजवान चटणीची बाटली, हक्का नूडल्सचं पाकीट. संपला आपला चीन!

आता जरा गंमत ऐका. मंचुरियन शोधायला मंचुरियात जाऊ नका, मिळणार नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पहिल्यांदा केला असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला नेहमीचा मसाला, त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. शेजवानचंही तेच. सिच्वान हा चीनचा प्रांत, आणि तिथल्या स्वयंपाकाचा जीव म्हणजे जीभ बधिर करणारा एक मिरीसारखा दाणा. तो आपल्या शेजवान चटणीत बहुधा नसतोच. त्याचा चुलतभाऊ मात्र आपल्याच राज्यात आहे, कोकणात माशाच्या आमटीत पडणारं तिरफळ! यात लाजायचं काही नाही हं. गाड्यावरचं चायनीज आपलं आहे, आणि मला ते मनापासून आवडतं.

पण मग खऱ्या चिनी माणसाचा किराणा कसा असतो? तो बघायला मिळाला कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला. आणि तोही मावशीच्या मागे पिशवी धरून.

मावशी तिथे काय करत होती, हा प्रश्न तुम्ही विचारणार नाही. सोलापुरात हल्ली प्रत्येक गल्लीतली एक तरी आई लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेलेली असते. सहा महिन्यांचा मुक्काम, बॅगेत डिंकाचे लाडू, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. फोटोत सगळं छान दिसतं. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की सकाळी नऊला लेक आणि जावई लॅपटॉप उघडून बसतात, आणि संध्याकाळपर्यंत आईशी बोलायला दोन महिन्यांचं बाळ सोडून कुणीही नसतं. गाडी चालवता येत नाही. इंग्रजी येत नाही. इंडियन ग्रोसरीला शनिवारी लेक नेईल तेव्हाच. सोलापुरात रोज लक्ष्मी मंडईत जाऊन भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी बाई तिथे खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजत होती. तिसऱ्या आठवड्यात तिने जावयाला विचारलं, ‘‘तिकीट अलीकडचं करता येतंय का बघा की.’’ घरात कुणी काही बोललं नाही, पण ताईचं तोंड उतरलं.

घरापासून पायी दहा मिनिटांवर ‘नाइंटीनाइन रँच’ होतं. अमेरिकेतली ही चिनी सुपरमार्केटची मोठी साखळी, तैवानहून आलेल्या रॉजर चेन यांनी १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातच सुरू केलेली. ताईने ते मावशीला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मावशी माळकरी. दारातूनच तिने नाकाला पदर लावला होता. ‘‘मला नको बाई तिकडं. वास किती मारतंय!’’

खरं सांगायचं तर वास येतोच. आत एका भिंतीला काचेच्या टाक्या असतात आणि त्यात जिवंत मासे फिरत असतात. आपल्या उजनीतली चिलापीसुद्धा! तुम्ही बोट दाखवायचं, ते मासा साफ करून देणार, हवा असेल तर तळूनही देणार. शेजारी काचेमागे भाजलेली बदकं मानेने टांगलेली. माळकरी बाईने तिकडे जावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

ती गेली ते पावसामुळे. बाळाला बाबागाडीत घालून फिरायला निघाली होती, सर आली, आडोसा म्हणून आत शिरली. आणि समोर लाल माठाची जुडी! आपल्याकडे मिळते तशीच, पानाच्या मधोमध किरमिजी रंग. त्यापुढे पांढरा मुळा, पुढे हातभर लांब चवळीच्या शेंगा, आलं, लसूण, कोथिंबिरीचे भारे. कारली होती, पण आपल्यापेक्षा फिकट आणि गुळगुळीत. दोडक्यावर इंग्रजीत पाटी होती ‘चायनीज ओक्रा’, म्हणजे शब्दशः चिनी भेंडी. मावशीला पाटी वाचता येत नव्हती म्हणून बरं, नाहीतर तिने तिथेच वाद घातला असता.

मी पोचले तोवर या गोष्टीला महिना झाला होता आणि मावशीचा तिथे दबदबा होता. सकाळी साडेदहाला ती बाबागाडी घेऊन निघायची. पहिल्याच दिवशी तिच्यामागे गेल्यावर मला कळलं की तिला तिथे एवढं काय सापडलंय. त्या वेळी दुकानात सगळीकडे आज्याच असतात! चीनमधून, तैवानमधून नातवंडं सांभाळायला आलेल्या. त्यांच्याही पुढे बाबागाडी, त्यांनाही इंग्रजी येत नाही, त्यांचीही मुलं लॅपटॉपसमोर. आणि भाजी निवडताना हाताची बोटं अगदी तशीच चालतात. दोडका हलकेच दाबून बघायचा, शेंग कोवळी आहे का ते टोक मोडून बघायचं, जुडी उलटी करून देठ बघायचे. आपण पॅकबंद भाजी उचलून बिलिंगला पळणारी पिढी, आपल्याला यातलं काय कळणार?

निळ्या टोपीच्या एका आजींशी मावशीची विशेष गट्टी होती. दोघींची भाषा काय? मावशी सोलापुरी मराठी बोलायची, त्या चिनी बोलायच्या, आणि दोघींना सगळं कळायचं. बाळाचे दात, सुनेचं दूध, जावयाचा पगार (हा विषय हातवाऱ्यांनी कसा समजावला ते मला अजून कळलेलं नाही). एकदा मावशीने मला कामाला लावलं. ‘‘तिला सांग, आमच्या गावचा डॉक्टर तुमच्याकडं गेलता म्हणून.’’ भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर मावशीच्या रोजच्या वाटेवरचं. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेलं, त्यात कोटणीस होते. तिथेच कुओ छिंगलान या नर्सशी त्यांनी लग्न केलं, आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच ते गेले. चीनमध्ये त्यांना ‘के दिह्वा’ म्हणतात. मी फोनवर ते चिनी अक्षरांत काढून आजींना दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून वाचलं, दोन-तीनदा मान हलवली आणि मावशीचा हात थोपटला. ओळख पटली म्हणून की नुसतंच शिष्टाचार म्हणून, सांगता येत नाही. मावशीच्या मते अर्थातच पटली.

आता थोडं कामाचं. उद्या ऑनसाइटला गेलात तर हे दुकान विसरू नका. शेंगदाणे इथूनच घ्या, सालासकट कच्चे, मोठ्या पिशवीत मिळतात. जगात सर्वांत जास्त भुईमूग पिकवणारा देश चीन, दुसरे आपण, त्यामुळे या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तीळ पांढरे आणि काळे दोन्ही. आणि सॉसच्या कप्प्यात एका गंभीर चेहऱ्याच्या बाईंचा फोटो असलेली लाल लेबलची बाटली दिसेल, ती उचला. ‘लाओ कान मा’, म्हणजे साधारण ‘मानलेली आई’. फोटोतल्या बाई ताओ ह्वाबी. फारसं शिक्षण नाही, ग्वेइचौ प्रांतात छोटं खाणावळवजा दुकान चालवायच्या, तिथल्या तिखट चटणीला गिऱ्हाईक वाढलं आणि नव्वदच्या दशकात त्यांनी तिचा कारखानाच काढला. या चटणीचा शेंगदाणेवाला प्रकार मिळतो. मिरची, तेल, दाणे... भाकरीवर घातलात तर शप्पथ, डोळे मिटून सोलापूर! मावशीचा निकाल मात्र कडक होता. ‘‘बरंय. पण दाणं कुटलं नाहीत. आळशीपणा केलाय.’’ उखळात कुटून दाण्याला स्वतःचं तेल सुटलं पाहिजे, बाहेरून ओतलेलं चालत नाही, हे तिचं म्हणणं. मी तिच्या बाजूची आहे.

खायची सोयही आतच. गरम पदार्थांचा काउंटर असतो, डब्यात भात किंवा नूडल्स, त्यावर तुम्ही बोट दाखवाल ते दोन-तीन प्रकार. शाकाहारी मंडळींनी नीट लक्ष द्या. हिरवीगार पालेभाजी दिसली म्हणून उड्या मारू नका, तिच्यावर बऱ्याचदा कालवांचा सॉस असतो. टोफूच्या तिखट रश्श्यात खिमा असू शकतो. एकच शब्द पाठ करा, ‘सू’. म्हणजे शाकाहारी. चिनी बौद्ध परंपरेतल्या ‘सू’ जेवणात तर कांदा-लसूणही चालत नाही. हे ऐकून मावशी म्हणाली, ‘‘म्हंजे बारा महिने चातुर्मासच की!’’ आणि पहिल्यांदाच त्या काउंटरकडे तिने आदराने बघितलं. तिळात घोळवून तळलेला गोळा मात्र जरूर खा. आत लाल कडधान्याचं गोड पुरण असतं, बाहेरून खुसखुशीत, चावल्यावर चिवट. पदार्थांच्या किमती मनात रुपयांनी गुणू नका, घास खाली उतरत नाही.

तिकीट अलीकडचं करायचा विषय पुन्हा निघाला नाही. मावशी सहा महिने पूर्ण राहिली.

मी तिथे होते त्या शेवटच्या आठवड्यात तिने दाणे भाजले, सालं पाखडली आणि मिक्सरमध्ये फिरवून (उखळ नाही, याबद्दल दिवसभर कुरकुर) शेंगाची चटणी केली. धुतलेल्या ‘लाओ कान मा’च्या बाटलीत ती भरून निळ्या टोपीच्या आजींना दिली. चार दिवसांनी बाटली परत आली. रिकामी नाही. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे तिकडेही असावं. आत काहीतरी तपकिरी, सुकलेलं, तिखटाने माखलेलं होतं. मावशीने झाकण उघडून वास घेतला, बाटली उजेडात धरून फिरवली आणि माझ्याकडे दिली. ‘‘मटण-बिटण नाही ना, विचार गं आधी.’’ आजींनी माझ्या फोनमध्ये बोलून सांगितलं. सुकवलेला मुळा.

संध्याकाळी मावशीने तो भाकरीबरोबर खाल्ला. दोनदा घेतला. मग बाटली फ्रिजमध्ये ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘मीठ जरा जास्त पडलंय तिचं.’’