मान राखणें आणि मान तुकविणें

जून महिन्याच्या तिसऱ्या रविवारीं आमच्या कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांतून आतां पितृदिन पाळण्यांत येतो. ही चाल परक्या देशांतून आली म्हणून ती वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. बापाची आठवण वर्षांतून एकदां तरी व्हावी हें ठीकच. परंतु त्या दिवशीं व्यासपीठावरून जो उपदेश कानीं पडतो त्याविषयीं दोन शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस भाग आहे. उपदेशक आईबापांचा मान राखण्याची आज्ञा वाचतो आणि लागलीच तिचा अर्थ सांगतो: बाप सांगेल तें ऐकावें, उलट बोलूं नये, कीं झाला ख्रिस्ती धर्म पाळून! मान राखणें आणि मान तुकविणें या दोन क्रिया त्याला एकच वाटतात. या गोंधळानें बाप व मूल या दोघांचेंहि नुकसान होत आहे, असें आमचें मत आहे.

मूळ आज्ञाच पाहूं. कॅथलिक व लूथरन पंथ तिला चौथी म्हणतात, इतर बहुतेक प्रॉटेस्टंट पांचवी. क्रमाविषयीं मतभेद असला तरी आशयाविषयीं नाहीं. ती मान राखावयास सांगते. तोंड मिटावयास सांगत नाहीं. शिवाय ज्या लोकांस ती मिळाली ते कांहीं पाळण्यांतले नव्हते; मुलांबाळांचे धनी असलेले प्रौढ स्त्रीपुरुष त्यांत होते. येशूनें या आज्ञेवरून शास्त्री-परूश्यांस दोष दिला तो कशाबद्दल? मार्काच्या सातव्या अध्यायांत तें स्पष्ट आहे. जें आईबापांच्या उपयोगीं पडावयाचें तें देवाला वाहिलें, असें सांगून हात झटकण्याची जी सोय परंपरेनें करून ठेविली होती, तिजवर त्याचा राग होता. म्हणजे मान या शब्दाचा आरंभ म्हाताऱ्यांच्या ताटापासून होतो, आणि देवाचें नांव पुढें करूनहि तें ताट काढून घेतां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, आज्ञापालनावांचून घर चालेल कसें? लहान मुलांनीं आईबापांचें ऐकावें, हें आम्हांस मान्यच आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरांतून नाझरेथास परतला आणि आईबापांच्या आज्ञेंत राहिला, असें लूक लिहितो. परंतु स्वर्गींच्या पित्याचें काम आधीं, असें तो त्याच आईबापांना त्याच प्रसंगीं सांगून चुकला होता, हेंहि लूकच लिहितो. पौलानें इफिसकरांस लिहितांना मुलांस आज्ञाधारक होण्यास सांगितलें खरें, पण त्याला प्रभूची मर्यादा घातली. आणि लगेच बापांकडे वळून, मुलांस चिडीस आणूं नका, अशी ताकीद दिली. आमच्या उपदेशकाचें बोट नेमकें तिसऱ्या वचनावर थांबतें. चौथें वचन बापांसाठीं आहे, आणि बाप पुढच्या बांकांवर बसलेले असतात! दारूच्या पायीं घर बुडविणाऱ्या बापाचीं मुलें त्याच मंदिरांत मागें बसून हा उपदेश ऐकतात. त्यांनीं यांतून काय घ्यावें?

मान आणि मुकाट संमति या गोष्टी वेगळ्या कशा, हें दाखविण्यास पंडिता रमाबाईंचें एक उदाहरण पुरे आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं रूढि मोडून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें. पंडितांनीं त्यांना त्याचा जाब विचारला, तेव्हां शास्त्राधार दाखवून त्यांनीं आपला पक्ष मांडला. काम सोडलें नाहीं. १८७४ च्या सुमारास ते हलाखींत वारले. पुढें १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. वैष्णव बापाच्या मुलीनें ख्रिस्ती व्हावें, याहून मोठी अवज्ञा ती कोणती, असें कोणीहि म्हणेल. पण त्यांनीं १९०७ सालीं लिहिलेली साक्ष वाचावी. मरणोन्मुख बापानें आपणांस जवळ घेऊन देवाच्या हवालीं केलें व जन्मभर त्याचीच सेवा करण्यास सांगितलें, ही आठवण त्या तेथें मोठ्या प्रेमानें नमूद करितात. बापाच्या ज्या समजुती त्यांना चुकीच्या वाटल्या त्याहि त्या झांकून ठेवीत नाहींत.

वाँटेजच्या ज्या भगिनींनीं त्यांना आश्रय दिला त्यांची अपेक्षा रमाबाईंनीं निमूट आज्ञेंत राहावें अशी होती. आपली सदसद्विवेकबुद्धि आपण कोणाच्या स्वाधीन केलेली नाहीं, असें त्यांनीं पत्रांतून स्पष्ट कळविलें. तीं पत्रें १९७७ मध्यें प्रसिद्ध झालीं आहेत. क्रुसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, हाहि त्यांचा एक सवाल होता. पंडितांपुढें न नमणाऱ्या बापाची मुलगी धर्मगुरूंपुढेंहि नमली नाहीं. १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन काढून बापानें घरांत चालविलेलें काम तिनें घराबाहेर नेलें. यांत कोणास अवज्ञा दिसेल. आम्हांस वारसा दिसतो.

आतां आमच्याच बंधूंस एक कडू गोष्ट सांगतों. धर्म बदलला कीं बापाचें नांव टाकावें, त्याला अज्ञानी म्हणून मंडळींत त्याची साक्ष द्यावी, हा उत्साह आम्हीं पाहिला आहे. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतरामुळें वारसाहक्क बुडूं नये अशी तजवीज झाली. तो हक्क न्याय्यच होता. परंतु ज्याला बापाचें घर चालतें आणि बाप चालत नाहीं, त्याचा बाप्तिस्मा कितीहि खरा असो, त्याची आज्ञा मोडलीच. वृद्ध आईबापांच्या पोटगीसाठीं २००७ सालीं या देशाला कायदा करावा लागला, आणि तो सर्व धर्मीयांस लागू आहे. जें काम दहा आज्ञांनीं व्हावयाचें तें न्यायाधिकरणावर सोंपवावें लागलें, याची लाज आम्हांसहि वाटली पाहिजे.

म्हणून पुढच्या पितृदिनीं उपदेशकानें चौथें वचनहि वाचावें. बापांना त्यांची मर्यादा सांगावी आणि प्रौढ मुलांना त्यांचें ऋण. मतभेद असेल तो मुलानें बापाच्या तोंडावर आदरानें सांगावा, आणि सांगून झाल्यावर त्याच्या औषधपाण्याची चौकशी करावी. कोपऱ्यांतल्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्या दिवशीं व्याख्यान नको असतें. कोणी तरी शेजारीं बसून आपल्याबरोबर जेवावें, एवढीच त्याची इच्छा असते.