पऱ्हाटीला काटा लावा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगाराची गाडी आली की आधी काट्यावर चढते. गंजका पत्रा, वाकडी सळई, मोडके यंत्र. सगळ्याचे वजन होते, दर ठरतो, मगच माल भट्टीत जातो. टाकलेल्या मालाची किंमत करायला या गावाला कोणी शिकवायला नको. मग बांधावरच्या पऱ्हाटीपाशीच हे शहाणपण का अडते?

कापूस संपला की हेक्टरी 2 ते 3 टन पऱ्हाटी रानात उभी असते. गॅस आल्यापासून ती चुलीलाही पूर्वीइतकी लागत नाही. ठेवावी तर गुलाबी बोंडअळीची धास्ती. म्हणून उपटायची आणि काडी लावायची. हीच पऱ्हाटी हवा कोंडून तापवली, तर वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा कोळसा हाती येतो. हाच बायोचार. तो जमिनीत घातला तर वर्षानुवर्षे टिकतो, ओल धरतो. पुढे प्रक्रिया केली तर पाणी शुद्ध करणारा सक्रिय कार्बन होतो. हैदराबादच्या ‘क्रिडा’ या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने 200 लिटरच्या पिंपातून अशी भट्टी केव्हाच करून दाखवली. जालन्यात खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, सिरसवाडीला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. तंत्रासाठी कोणी खोळंबलेले नाही.

खोळंबा आहे मजुरीचा. पऱ्हाटी उपटायची, गोळा करायची, वाहायची. ट्रॉली शिगोशीग भरते, वजन मात्र भरत नाही. ‘टाकाऊपासून टिकाऊ’चे हिशेब मांडणारे नेमका हा खर्च गाळतात आणि कच्चा माल फुकट धरतात. वर ‘तुमचे रान मोकळे करून देतो’ हा उपकार! दुसरीकडे, जानेवारी 2025 मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी बायोचारच्या 1 लाख टन कार्बन क्रेडिटचा करार केला. म्हणजे जमिनीत अडकवलेल्या कार्बनच्या टनाला गिऱ्हाईक आहे, तेही परदेशातले. फक्त बांधावरच्या पऱ्हाटीला भाव नाही.

उद्या पिंपाला अनुदान जाहीर होईल, उद्घाटनाचे फोटोही छापून येतील. त्याआधी एवढे करावे. जिनिंगच्या आवारात कापसासाठी काटा असतोच. हंगाम सरल्यावर तोच पऱ्हाटीसाठी खुला ठेवावा. उपटणी आणि वाहतूक धरून क्विंटलचा दर फळ्यावर लिहावा. तो आकडा मजुरीच्या खाली असेल, तर काडी ओढणाऱ्या शेतकऱ्याला प्रदूषणाचे व्याख्यान ऐकवायला कोणी रानात जाऊ नये.